वाचकांचे प्रश्न : पलटणीतील पंडितजी आणि ‘बरेवाईट’ हा शब्द

प्रश्न : माझे यजमान सैन्यात हवालदार आहेत. शिमग्याच्या रजेत ते फारसे बोलले नाहीत. जाताना कलमांच्या बागेचा हिशेब आणि सोसायटीच्या कर्जाचे पासबुक धाकट्या दिरांच्या हाती देऊन ‘आता तूच बघ’ म्हणाले. सामायिक जमिनीवरून भावकीत वाद आहे. पलटणीतील पंडितजींशी बोलतो, असे ते सांगतात. पंडितजींनी आत्महत्या रोखण्याचे प्रशिक्षण घेतले आहे म्हणे. पूजा सांगणारा माणूस यात काय करणार? बाहेर कळले तर बढती अडेल का? सासूबाई कौल लावायचे म्हणत आहेत. – एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही ओघात लिहिलेली गोष्टच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्यांनी केलेली निरवानिरव. ती आत्महत्येच्या विचाराचा पुरावा नव्हे, पण विचारणा करण्यास पुरेसे कारण आहे आणि ती आज संध्याकाळच्या फोनवरच करावी.

कशी विचारावी, हे सांगतो. आपल्याकडे ‘काही बरेवाईट तर मनात नाही ना?’ असे विचारतात. या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर भरवलेले असते आणि समोरचा माणूस ते निमूटपणे परत देतो. आम्हा पलटणीतील पंडितजींच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा ही सवय मोडतात. ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे स्पष्ट विचारायचे आणि मग गप्प बसायचे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. सत्यनारायणाची पोथी तोंडपाठ असलेला मी, सरावाच्या वेळी त्या एका शब्दाशी तीनदा अडखळलो होतो.

आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू हे धर्मगुरू कनिष्ठ आयुक्त अधिकारी असतात. त्यांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. जवान त्यांच्याकडे जाताना कोणाला कारण द्यावे लागत नाही, कारण मंदिरात कोणीही जातो. मात्र पंडितजी उपचार करत नाहीत. अमेरिकी सैन्यात यासाठी तीन शब्दांचे सूत्र शिकवतात : विचारा, जपा, सोबत न्या. तिसरा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘डॉक्टरांना भेट’ असे सांगून न पाठवता धर्मगुरूने किंवा जवानाच्या बडीने (जोडीदार जवानाने) स्वतः चालत पलटणीच्या डॉक्टरांपर्यंत जायचे असते. तसेच, ‘आत्महत्या हे पाप आहे’ असे सुनावणारा धर्मगुरू जवानाला वाचवत नाही. तो त्याला फक्त लपायला शिकवतो.

गुप्ततेबद्दल स्पष्ट सांगणे बरे. अमेरिकी सैन्यातील धर्मगुरूपाशी बोललेले पूर्णतः गोपनीय राहते. आपल्या पुरावा कायद्यात वकिलाला जे संरक्षण आहे, ते धर्मगुरूला नाही. चांगला पंडितजी एरवी ऐकलेले पोटात ठेवतो, पण जीव धोक्यात असेल तर सांगतो, आणि हे तो आधीच बजावतो.

बढतीची भीती निराधार नाही. मानसिक आजाराची नोंद झाल्यास वैद्यकीय श्रेणी खालावते आणि काही काळ हत्याराची ड्यूटी मिळत नाही. पण या श्रेणीचा ठरावीक काळाने फेरविचार होतो, आणि उपचारानंतर श्रेणी पूर्ववत होऊन पुन्हा कामाला लागलेले जवान मी पाहिले आहेत. कायद्याची धास्तीही नको : 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार देणे, ही शासनाची जबाबदारी आहे.

सासूबाईंना कौल लावू द्या. त्यांच्या मनाला आधार मिळेल. मात्र डॉक्टरांकडे जायचे की नाही, हा प्रश्न देवापुढे ठेवू नका. जमिनीच्या वादासाठी यजमानांनी कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तुम्ही रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. सातबाऱ्यावरच्या वीस नावांचे ओझे तिकडे सीमेवर एकट्याने वाहण्याची गरज नाही.

त्यांचे उत्तर ‘होय’ आले तर वाद घालू नका आणि फोन ठेवू नका. ते आत्ता एकटे आहेत का, हे विचारा. बडीला फोन द्यायला सांगा. मग पलटणीत कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मराठीतही चालतो, तो दिवसरात्र मोफत आहे, आणि सैनिकांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. तुम्हाला स्वतःलाही तेथे बोलता येईल. उत्तर ‘नाही’ आले, तरी चार दिवसांनी हाच प्रश्न याच शब्दांत पुन्हा विचारा.