नवऱ्याची सही नाही आणि मुलाला एकट्याने कॅनडाला जायचंय

प्रश्न: मी नाशिकरोडला राहते. ३ वर्षांपासून मिस्टर पुण्याला वेगळे राहतात. घटस्फोट नाही, कोर्टात काही नाही. ११ वर्षांच्या मुलाला मेच्या सुट्टीत टोरांटोला बहिणीकडे एकट्याला पाठवायचंय. पासपोर्टपासून सुरुवात आहे. मिस्टर फोन उचलत नाहीत. एजंट म्हणतो, त्यांची सही तुम्हीच ठोका.

उत्तर: ताई, आधी त्या एजंटला नमस्कार करा. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोट्या सहीचा गुन्हा वेगळाच. शिवाय उद्या मुलाच्या ताब्यावरून वाद झाला, तर समोरचा वकील पहिल्यांदा हाच कागद काढेल.

बरं, पासपोर्टला त्या सहीवाचून अडत नाही. दोघांची संमती असली की ‘ॲनेक्शर डी’ भरतात. एकाची नसेल तर ‘ॲनेक्शर सी’. साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र, नोटरी लागत नाही. वेगळे का राहता, संमती का नाही, हे जसं आहे तसं लिहा. ‘नवरा बेपत्ता’ वगैरे नको. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे.

खरी अडचण व्हिसाची आहे. एकट्या येणाऱ्या अल्पवयीन मुलाकडे कॅनडा पासपोर्ट आणि जन्मदाखल्याबरोबर दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र मागतो. त्यात तुमचे पत्ते-फोन आणि तिथे मुलाला सांभाळणाऱ्या बहिणीचं नाव, पत्ता, फोन. ॲनेक्शर सी तिथे चालणार नाही.

म्हणून मिस्टरांना आजच स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पत्र पाठवा: जाण्या-येण्याच्या तारखा, बहिणीचा पत्ता, मुलगा बाबांशी कधी बोलेल. जुना हिशेब त्यात काढू नका. त्यांना मुलगा परत येणार नाही अशी भीती असेल, तर ती अगदीच पोकळ नाही. पळवून नेलेली मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात परवानगीचा अर्ज करा. मिस्टर पुण्याला असले म्हणून पुण्याला खेटे घालायला नकोत. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथलं कोर्ट. मुलाची शाळा इथेच आहे, बोनाफाईड जोडा. मागणी आटोपशीर ठेवा: एवढ्या तारखांपुरता प्रवास आणि वडिलांच्या संमतीऐवजी कोर्टाचा आदेश. मुलाला परत आणण्याची लेखी हमी स्वतःहून द्या, न्यायाधीश तेच आधी विचारतील. तारखा पडतात, त्यामुळे मेसाठी दिवाळीनंतर लगेच हालचाल हवी. आदेश हाती येईपर्यंत तिकीट काढू नका.

एकट्या मुलाबाबत प्रत्येक विमान कंपनीचे नियम वेगळे. मध्ये विमान बदलायचं असेल तर काही कंपन्या घेतच नाहीत, तेव्हा बुकिंगआधी विचारा. त्यांच्या फॉर्मवर उतरवून घेणाऱ्याचं नाव लिहाल, ते बहिणीच्या पासपोर्टवर आहे तेच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरचं नाव चालणार नाही.