आई घड्याळ घालत नाही, कोचिंग बंद करू का?

प्रश्न : मी डोंबिवलीला असते. आई (वय ७४) देवगड तालुक्यात गावच्या घरी एकटी राहते, शेजारी चुलत वहिनी आहेत. वर्षभरात आईचं वजन ५० वरून ४६ किलोवर आलं. चालणं मंदावलंय, पायऱ्या उतरताना भिंत धरते. मी तीन महिन्यांचं ऑनलाइन हेल्थ कोचिंग लावलं, फोन आणि घड्याळही दिलं. ॲपवर रोज ६,००० पावलांचं टार्गेट येतं. आईने घड्याळ कपाटात ठेवलंय. "माका नको तां" एवढंच म्हणते, आणि मग फोनवर आमचं भांडण. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर : अजून गेले नाहीत, पण आहे तसं चालू ठेवलंत तर जातील. भिंत धरून पायऱ्या उतरणाऱ्या बाईला ६,००० पावलं सांगणारा कोच तिच्याकडे न बघताच बोलतोय. घड्याळ राहू द्या कपाटात.

आधी वजनाचं बघा. ५० चे ४६ म्हणजे ८ टक्के, तेही प्रयत्न न करता. आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल पडलेली पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल या पाचांपैकी तीन खुणा दिसल्या तर डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. ती बऱ्याच अंशी मागे फिरवता येते, पण वजन का उतरलं हे शोधणं कोचचं काम नाही. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. दात किंवा कवळी बघा. चावता येत नाही म्हणून नुसत्या पेजेवर राहणारे पुष्कळ असतात. रक्तदाब पाच मिनिटं आडवं पडून आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने उतरला तर भिंत धरण्याचं कारण पायांत नसून गोळ्यांत असू शकतं. गावच्या आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही की कोचकडून पावलं नव्हे, ताकद मागा. पहिला व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. लाकडी, हात असलेली, १७-१८ इंच उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, लादीवर तिचे पाय सरकतात. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, अंग पुढे झुकवून उठायचं, आणि बसताना तीन आकडे मोजत सावकाश. चूक इथेच होते. उठतात नीट आणि बसताना धपकन अंग टाकतात. स्नायूंना खरं काम त्या सावकाश बसण्यात मिळतं, शिवाय धपकन बसलं की ठिसूळ मणक्याला हिसका बसतो. आकडे मोठ्याने म्हणायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. एक दिवसाआड ५ वेळा, थोडं थांबून परत ५. हाताचा आधार लागला तर लागू दे. सहज जमू लागलं की दर आठवड्याला एक-दोन वाढवत १० पर्यंत न्या. त्यानंतर खिडकीचे गज धरून टाचा उचलणं.

हे कोचला दिसायला हवं. फोन हातात धरून फक्त चेहरा दिसतो, पाय नाहीत. दोनेक मीटरवर स्टुलावर डबा, त्याला टेकवून फोन, आणि आई कॅमेऱ्याला बाजूने दिसतील अशा बसलेल्या. दाराकडे पाठ करून बसवलंत तर उजेडात नुसती काळी सावली दिसते. चिऱ्याच्या भिंतींआड रेंज जात असेल तर पडवीत बसा. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा, दर वेळी तोच कोच, भाषा मराठी, आणि फोन वहिनींच्या हातात. ॲप आईंनी शिकायलाच पाहिजे असं काही नाही.

आहाराचा हिशेब सोपा आहे. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे आईंना रोज ४६ ते ५५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. पेज, भात आणि सोलकढी यांवर तो गाठणं कठीण. एका अंड्यात ६ ग्रॅम, साफ केलेल्या १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २०, पेलाभर दुधात ६-७. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवर भर दिला तर मीठ वाढतं, रक्तदाब असेल तर ते नको. त्या दिवसांत अंडी, आणि श्रावण पाळत असतील तर कुळथाची घट्ट पिठी, मुगाची उसळ, दही. सगळं रात्रीच्या पानात ढकलू नका, तिन्ही वेळांना वाटून द्या. कोच पावडरीचे डबे विकत असेल तर त्याचा सल्ला दुकानदाराचा समजा.

वजन दर रविवारी, सकाळच्या चहाआधी, त्याच काट्यावर. काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, आकडा हलतो. आणि तुमचा फोन? त्यात आठवडाभर पावलं, गोळ्या, जेवण यांतलं काहीच विचारू नका. ते वहिनी आणि कोच बघतील. तुम्ही आंब्याला मोहोर आला का, ते विचारा.

आई पडल्या, चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर कोचला मेसेज करत बसू नका, १०८ लावा.

आजच वहिनींना बाजूला उभं राहून एक मोजमाप घ्यायला सांगा : हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राथमिक तपासणीत १४ सेकंदांची मर्यादा आहे. हाताशिवाय उठताच आलं नाही तर तसं लिहून ठेवा. १२ आठवड्यांनी पुन्हा मोजा. सेकंद कमी झाले आणि वजन थांबलं किंवा वाढलं, तर कोचिंग पुढे चालू ठेवा. दोन्ही तिथेच असेल आणि कोचने मधल्या काळात काही बदललं नसेल, तर बंद करा आणि त्याच पैशांत देवगड किंवा कणकवलीहून फिजिओथेरपिस्टला महिन्यातून एकदा घरी बोलवा.