आधी मूळचा सायलेन्सर लाव

बाळा,

तुझा निरोप रात्री अकराला आला. सात मिनिटांचा. गॅरेज बंद करून अंगणात खाट टाकली होती, पडल्यापडल्या दोनदा ऐकला. मुलीकडच्यांनी "पोरगा बुलेटवाला हाये म्हणे" एवढ्यावरून बोलणं लांबवलं, तुझे बाबा "इकून टाक थे फटफटी" म्हणतात, अमरावतीचा तुझा ग्रुप म्हणतो लोकांना जळू दे. आणि तू मला विचारतोस, "काका, बायकर असणं गुन्हा आहे का?"

नाही. आता मूळचा सायलेन्सर लाव, मग पुढचं बोलू.

हसू नको. त्या सात मिनिटांत स्वातंत्र्य आलं, ओळख आली, समाज तर चारदा आला. सायलेन्सरचं नाव एकदाही नाही. अरे, तुझं स्वातंत्र्य गावाला कुठून दिसणार? गावाला पहाटे पाचला तुझा पंजाबी सायलेन्सर ऐकू येतो, कंपनीचा मूळचा काढून मुद्दाम मोठ्या आवाजाचा बसवलेला. रात्रभर रानडुकरांच्या मागे जागली करून आलेल्या माणसाचा तेव्हाच कुठे डोळा लागलेला असतो. तो तुला शिवी देतो ती गाडीमुळे नाही, झोपेमुळे. एवढा साधा हिशोब आहे.

तू लडाखला जाऊन आलास याचं मला किती अप्रूप आहे ते तुला माहीत आहे. दारव्ह्यापासून तिथवर जाऊन यायचं, वाटेत पंक्चर स्वतः काढायचं, चेन स्वतः ताणायची, ही लहान गोष्ट नाही. बाबांना फोटो दाखवलेस. पंक्चरचं सांगितलंस का? त्यांना तेच कळलं असतं.

आणि जाकिटावरचा तो "एक टक्का"वाला बिल्ला काढ. कशाचा आहे ते तरी माहीत आहे का? 1947 च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटरसायकलवाल्यांनी धिंगाणा घातला. एका मासिकात बाटल्यांच्या ढिगात गाडीवर बसलेल्या एका दारूड्याचा फोटो छापून आला आणि साऱ्या देशानं बायकर म्हणजे हाच असं धरलं. नव्याण्णव टक्के गाडीवाले सरळ असतात अशी म्हण मग तिकडे पडली, आणि जे मुद्दाम सरळ नव्हते त्यांनी उरलेला एक टक्का अंगावर मिरवला. ती गुंड टोळ्यांची खूण आहे, लेका. तू ती ऑनलाइन मागवलीस आणि सोयरिकीच्या पाहुण्यांसमोर घालून बसलास. माझ्या जावयानं हे मोबाईलवर दाखवलं तेव्हा मला तुझं हसूही आलं आणि रागही.

कायदा तुला सांगायची गरज नाही, तरी एकदा ऐक. 175 सीसीच्या वरच्या गाडीला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा असते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे "थोडासाच जास्त आहे काका" हे बोलणं मला सांगू नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 190, पोटकलम 2 वाचून घे. पहिल्याच खेपेला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद. पण दंडाच्या भीतीनं काढशील तर नाक्यापुरता काढशील. म्हणून माझं सांगतो.

1993 चा जून. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता. मी चोवीस वर्षांचा, उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट, सायलेन्सरमधली जाळी मी स्वतः काढलेली. चालत्या गाडीत चावी बंद करायची, रेस पिळायची, पुन्हा चावी द्यायची. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटतं आणि बंदुकीसारखा बार होतो. तुम्ही बटनानं करता, आम्ही चावीनं करायचो. लाडखेडच्या पुढे नाल्यावर समोरून बंडी आली. सरकीची पोती, धुरकरी म्हातारा, उजव्या अंगाला नवा गोऱ्हा. मागच्या सीटवरचा मित्र म्हणाला, "दे एक." मी दिला.

गोऱ्हा उधळला. बंडी नाल्यात कलंडली. म्हातारा वाचला, गोऱ्ह्याचा मागचा पाय मोडला.

ऐन पेरणीत जोडी फुटणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी माफी मागताना गाडीबद्दल, चावीबद्दल काहीबाही बोलत होतो. म्हातारा म्हणाला, "तुही गाडी जाऊ दे बाप्पा, माह्या बैलाचं सांग." मी सातशे रुपये दिले. सातशेत गोऱ्हा येत नव्हता.

आता हेही ऐक, कारण लोक मला दोषी धरतात तेव्हा एवढं धरत नाहीत. नाल्याला कठडा नव्हता. गोऱ्हा पुरता शिकलेलाही नव्हता, त्याला भरल्या बंडीला जुंपायला नको होतं. माझा वेग चाळीसच्या वर नव्हता. आणि शकुंतला रेल्वे त्याच लाडखेडवरून जायची, तेव्हा अजून वाफेचं इंजिन होतं, शिट्टी कोसावर ऐकू यायची. तिला बैल बिचकत नव्हते, मग माझ्याच गाडीला कसे बिचकले? हा प्रश्न मी कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर मोठ्यानं विचारला. एकदा माझ्या आईनं उत्तर दिलं. म्हणाली, ती तिच्या रुळावरून, तिच्या वेळेला येते, बैलाले माहीत असते. तू कवा वाजशील, कोणाले माहीत?

तरी मी जाळी परत बसवली नाही. आणखी दोन वर्षं तशीच फिरवली. बसवली असती तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं ना! तुझ्या आवाजात मला परवा तीच अढी ऐकू आली. ग्रुप सोडला तर हरलो, सायलेन्सर बदलला तर झुकलो. कोण मोजतंय, रे? म्हाताऱ्यानं त्या वर्षी भाड्याच्या जोडीनं उशिरा पेरलं. मी झुकलो नाही हे त्याच्या कुठल्या धुऱ्यावर उगवलं?

गाडी विकू नको. बाबांना मी समजावीन. मागच्या श्रावणात शेजारच्या पाड्यावर खाली झोपलेल्या पोराला मण्यार चावली, तेव्हा रात्री दीडला तूच त्याला मध्ये बसवून, मागे त्याच्या मामाला धरायला घेऊन दवाखान्यात पोचलास. ट्रिपल सीट. कायद्यात ते बसत नाही, आणि त्याबद्दल तुला कोणी बोललं तर त्याला माझ्याकडे पाठव. पोरगं जगलं. पण त्या रात्री तुझी गाडी गावातून गेली तेव्हा लोक खाटेवर कूस बदलून काय म्हणाले, माहीत आहे? "निघालं पोट्टं बोंबलत." रोजचाच आवाज तो, त्यात साप चावलेला वेगळा कसा ऐकू येणार?

ग्रुपमध्ये राहा. समृद्धीवर दुचाकीला बंदी म्हणून रुसायचं तर रुसा, घाटांग्याच्या वळणांनी चिखलदऱ्याला जा. रात्री बिनदिव्याच्या बंड्या असतात, रोही (नीलगाय) आडवी येते, रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. हेल्मेटचा पट्टा लावून जा. मुलीकडच्यांना घरी बोलाव तेव्हा गाडी दारातच असू दे, लपवू नको. फक्त त्याआधी मूळचा सायलेन्सर लाव. तुझी गाडी बीएस-सहाची, म्हणजे धुराच्या कडक नियमाची आहे, त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही आला. त्याच्याविना फिरवतोस तो धूरही गावच खातं, हे वेगळंच.

मूळचा तुमच्या माळ्यावर पोत्यात बांधलेला आहे, मीच बांधून दिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. तू दीड हजार मजुरी दिलीस आणि मी घेतली. हे पत्र लिहायला त्यामुळेही जरा जड गेलं.

रविवारी सकाळी ये, मजुरी घेणार नाही. येताना बेंड पाइपच्या तोंडाचं गॅस्केट नवं घेऊन ये, जुनं एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही.

तुझा,
गॅरेजवाला काका