आधी माती बघ, मग दर भर

प्रिय बेटा,

बेसा भागातल्या त्या घराचं एस्टिमेट तू पाठवलंस, ते नीट वाचलं. मोजमापं चोख आहेत. प्लास्टरच्या क्षेत्रफळातून अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्यांची वजावट केली नाहीस, त्यापुढे 3 चौरस मीटरपर्यंतच्या दारं-खिडक्यांची एकाच बाजूने केलीस. आयएस 1200, म्हणजे बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक, तू मन लावून वाचलं आहेस. पण पायाच्या पानावर मी थांबलो. खोदकामाचा दर सरळ शासकीय दरसूचीतून उचलला आहेस. प्लॉटवर तू गेलीच नाहीस, हे तिथेच कळलं.

नागपुरात पायाचा खर्च नुसत्या ड्रॉइंगवरून निघत नाही. शहराच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला नाइस नावाचा पट्टेदार खडक, आणि वर कुठे हातभर तर कुठे पुरुषभर काळी माती. ही माती पावसात फुगते, मे महिन्यात आकसून भेगाळते. हलक्या घराचा उथळ पाया तिच्यावर थेट ठेवला की भिंती तडकतात. म्हणून ती काढायची, बाहेर नेऊन टाकायची आणि जोत्यात मुरूम भरायचा. तू मात्र खोदलेली मातीच परत भरली आहेस.

आकडा करून बघ. 10 बाय 8 मीटर जागेतली मीटरभर माती काढली तर 80 घनमीटर, म्हणजे साधारण 28 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण माती मोकळी झाली की वाढते. तीस टक्के वाढ धरली तर ट्रकमध्ये 36-37 ब्रास जाते, आणि भाडं या मोकळ्या मातीचं द्यावं लागतं. मुरमाचं उलट. थर देऊन, पाणी मारून, धुमसाने ठोकला की तो दबतो. म्हणजे 80 घनमीटर भरायला त्याहून बराच जास्त मागवावा लागतो. हे दोन्ही खर्च तुझ्या पानावर नाहीत.

त्यामुळे आधी मालकाला सांगून दोन कोपऱ्यांत खड्डे घे. कडक मुरूम किती फुटांवर लागतो ते स्वतः टेप लावून मोज. शेजारच्या घरांच्या भिंतींवर, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरप्या भेगा दिसतात का ते बघ. माती खूपच खोल निघाली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय दर भरू नकोस. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब, घ्यायचे ठरले तर अख्खं पानच बदलेल.

रेतीचंही तसंच. पावसाळ्यात नदीवरचे रेतीघाट बंद असतात, कन्हान नदीच्या रेतीचा भाव तेव्हा चढतो. शिवाय ओलसर रेती फुगलेली असते, गाडी भरलेली दिसते पण माल कमी असतो. म्हणून प्रत्येक दरासमोर तो कुठल्या महिन्याचा, कुठल्या दुकानाचा आणि माल किती किलोमीटरवरून येणार, हे लिहीत जा. दरसूची पडताळायला ठेव, तिच्यावर विसंबू नकोस. छत्तीसगड-बालाघाटकडचे मजूर पेरणीला गावी जातात, त्या दिवसांत काम धरलं असेल तर मजुरीही वेगळी लागते.

ठेकेदार म्हणेल, आकडा थोडा खाली ठेवा, नाहीतर काम हातचं जाईल. तिथे ठाम राहा. नोकरदार माणूस तुझं एस्टिमेट घेऊन बँकेत जातो, त्यावर कर्ज मागतो. पैसा कमी पडला की घर स्लॅबवर अडकतं, आणि तो एकीकडे घरभाडं तर दुसरीकडे हप्ता भरत बसतो. अशी घरं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा राग येतो.

आणखी एक. कंपाउंड वॉल, बोअर, सेप्टिक टँक, वीजजोडणी यांतलं काय धरलेलं नाही, ते पहिल्याच पानावर ठळक लिही. मालकाला वाचून दाखव, खाली त्याची सही घे.

खड्डे झाले की मला फोन कर. पायाचं पान आपण दोघं बसून नव्याने करू.

तुझे,
काका