पंपाच्या छताखाली कोणते एलईडी लावावेत?

प्रश्न : पेट्रोल पंपाच्या छताखालचे जुने मेटल हॅलाइड दिवे काढून एलईडी लावायचे आहेत. छत २० बाय १० मीटर, उंची ५ मीटर. किती वॅटचे, किती दिवे घ्यावेत?

उत्तर : वॅट नंतर, आधी ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश) पाहा. जमिनीवर सरासरी १५० लक्स (दर चौरस मीटरला १५० ल्युमेन) धरले, तर २०० चौरस मीटरला ३०,००० ल्युमेन पोहोचायला हवेत. पण काही प्रकाश बाहेर सांडतो, काही धुळीने घटतो. म्हणून ०.६ (सांडण्यासाठी) आणि ०.८ (धुळीसाठी) ने भागा : ६२,५०० ल्युमेन. १२,००० ल्युमेनचे (साधारण १०० वॅटचे) सहा दिवे, तीन-तीनच्या दोन रांगांत, पुरतील. मोजक्याच प्रखर दिव्यांचा मोह टाळा. इंधन मोजणाऱ्या मीटरवर सावल्या पडतात आणि चालकाचे डोळे दिपतात. काच सपाट, छताच्या पातळीतच असावी. रंग ४००० ते ५००० केल्विन, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी ६६, सर्ज (विजेच्या दाबातील अचानक उसळी) संरक्षण १० केव्ही.

बिघाड बहुधा एलईडीत नसतो, ड्रायव्हरमध्ये (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) असतो. तापलेल्या पत्र्याखाली त्याचे कपॅसिटर सुकतात. ड्रायव्हर ५० अंश परिसर-तापमानाला चालणारा आणि वेगळा बदलता येणारा घ्या. केबल ग्लँड (वायर आत शिरते तिथली घट्ट पकड) ढिली राहिली की पाणी आत शिरते; आयपी ६६चा मग उपयोग नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. त्यामुळे उंच छताखालचा भाग सहसा धोकाक्षेत्राबाहेर असतो, तरी पंपाचा झोन-नकाशा (धोकाक्षेत्रे दाखवणारा नकाशा) तपासाच. डिस्पेन्सर (इंधन भरण्याचे यंत्र) आणि टाकी भरण्याच्या तोंडाजवळ मात्र प्रमाणित स्फोटरोधक दिवाच हवा. बदल करताना इंधनविक्री बंद ठेवा.