जावातून पायथनकडे वळताना कोणत्या सवयी बदलाव्यात?

आधी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी टाइप तपासणं सोडा. जावातून आलेले बरेच जण टाइप आधीच तपासणाऱ्या कंपायलरची उणीव अशीच भरून काढतात. मग लिस्ट चालते, पण जनरेटर (मागेल तसं एकेक मूल्य देणारा ऑब्जेक्ट) दिला की तेच फंक्शन उगाच अडतं. ऑब्जेक्टला काम सांगा. जमलं नाही तर एरर येईलच.

खरा त्रास एरर न येण्याचा. '५' या स्ट्रिंगमध्ये ३ मिळवायला गेलात तर टाइपएरर मिळते, पण तिला ३ ने गुणलं की मुकाट्याने '५५५' हातात पडतं. ऑब्जेक्टच्या फील्डला किंमत देताना नावातलं एक अक्षर चुकलं, तर नवंच फील्ड तयार होतं आणि जुनं आहे तसंच राहतं. (हे शोधताना डोकं फिरतं.) म्हणून फाइल, फॉर्म, एपीआय यांतून येणारा डेटा आत घेतानाच योग्य टाइपमध्ये बदला. आणि टेस्ट लिहा, विशेषतः क्वचित चालणाऱ्या कोडसाठी. तिथली चूक ती ओळ चालेपर्यंत दिसत नाही.

टाइप हिंट (कोडमध्येच लिहिलेल्या टाइपच्या नोंदी) २०१५ च्या पायथन ३.५ पासून आहेत, पण प्रोग्रॅम चालताना पायथन त्या तपासत नाही. त्यासाठी मायपायसारखं टाइप तपासणारं टूल वेगळं चालवावं लागतं. मोठ्या कोडला ते लावाच, छोट्या स्क्रिप्टला गरज नाही. गेटर-सेटरही नकोत, पुढे लागलंच तर प्रॉपर्टी (फील्डसारखी वापरता येणारी, पण आतून फंक्शन चालवणारी सोय) आहे.