आधी स्पार्क, मग कार्ब्युरेटर

जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या मोटरहोमबद्दल, म्हणजे चाकांवरच्या घराबद्दल, येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी एकाच वाक्याने सुरू होतात: ‘कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला, तरीही...’ म्हणून पुन्हा लिहितो. कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून देतो; ते मिश्रण पेटवतो स्पार्क, म्हणजे प्लगची ठिणगी. स्पार्क तपासल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावू नका.

प्रश्न: गाडी तासभर मस्त चालते. मग चढावर अडखळते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, कार्ब्युरेटर बदला.

निदान झालेलंच नाही, तर बदलायचं काय? अशी लक्षणं बहुधा दोन कारणांनी दिसतात: तापल्यावर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विद्युत भाग) दगा देतो, नाहीतर लाइनमध्येच, म्हणजे पाइपमध्येच, पेट्रोलची वाफ होते. ते ओळखायचं गाडी बंद पडलेली असतानाच. गार झालेली गाडी गॅरेजमध्ये नेलीत, तर तिथे ती शहाण्यासारखीच वागणार.

इग्निशन बंद करा, एअर क्लिनर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने हलणारी झडप) एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीत, पेट्रोल आहे. मग एअर क्लिनर परत बसवून स्पार्क टेस्टर लावा. ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर इग्निशनकडे वळा. पॉइंट, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडून पाहा. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा दिसला, तर कंडेन्सरवर संशय घ्या. धार उडालीच नाही, तर पंप, फिल्टर आणि टाकीपर्यंतची लाइन जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न: पेट्रोलच्या पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावले की वाफ होत नाही, असं ऐकलं. लाइनवर बसवायचं चुंबकही मिळतं.

चिमटे कपड्यांना लावा. चुंबक फ्रिजला.

प्रश्न: स्टार्टर फिरताना इंजिन पेटतं, किल्ली सोडली की लगेच मरतं.

बॅलास्ट रेझिस्टर पाहा. स्टार्ट करताना कॉइलला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळतो, किल्ली सोडली की तो रेझिस्टरमधून येतो. रेझिस्टर तुटला की तिथेच खेळ संपतो. इग्निशन स्विचही कारण असू शकतं. रेझिस्टर ओलांडून थेट वायर टाकून देणारे महाभाग असतात. काही दिवसांत पॉइंट जळतात, कॉइल तापते. ऑटो इलेक्ट्रिशियनला मीटर लावून पाहू द्या.

प्रश्न: तीन आठवडे उभी राहिली की खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो.

बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं, पंपाला ते पुन्हा भरावं लागतं. बिघाड नाही.

प्रश्न: केबिनमध्ये पेट्रोलचा थोडासा वास येतो. खिडकी उघडली की जातो. पुढच्या महिन्यात सहल आहे, त्यानंतर दाखवलं तर चालेल ना?

नाही. आजपासून गाडी सुरूच करू नका.

बऱ्याच मोटरहोममध्ये इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, एका झाकणाखाली असतं. म्हणजे इंजिन तुमच्या राहत्या खोलीतच आहे. त्याच खोलीत गॅसवरचा फ्रिज आणि शेगडी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड; ती जमिनीलगत पसरते, आणि फ्रिजची ज्योतही तिथेच खाली असते. खिडकीतून वास जातो, खाली साचलेली वाफ जाईलच असं नाही.

आधी लोक बाहेर काढा, दारं उघडा. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. आत एकही स्विच दाबू नका. मग गाडी टोचन करून गॅरेजला पाठवा. तिथे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदलायला सांगा. टाकीच्या भरण्याच्या आणि हवेच्या नळ्या, जनरेटरची लाइन हेसुद्धा. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या होजवर (रबरी नळीवर) कोरी करकरीत क्लॅम्प होती, तीनदा आवळलेली. होज नखाने दाबला, तर काळी भुकटी हाताला लागली. आणि पंपाच्या ओढत्या बाजूचा होज फाटला, तर गळतही नाही, हवा ओढतो. मग गाडी चढावर अडखळते आणि लोक कार्ब्युरेटर साफ करत बसतात.

ऑइलची डिपस्टिकही हुंगा. पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला असण्याची शक्यता आहे. बाऊलमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तरी बाऊल भरून वाहतो. झाकण उघडं आणि एअर क्लिनर काढलेला असताना इंजिन सुरू करू नका. बॅकफायरची (उलट्या भडक्याची) ज्वाळा कार्ब्युरेटरच्या तोंडातून वर येते. ड्राय पावडरचा अग्निशामक दाराजवळ हवा, पलंगाखालच्या कप्प्यात नव्हे. सहलीची तारीख पुढे ढकला.

प्रश्न: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवू का? विक्रेता म्हणतो, मायलेज दुप्पट होईल.

किट चांगलं, विक्रेता थापाड्या. पॉइंटची झीज संपते, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) टिकतं, एवढंच. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट खेळत असेल, तर किट बसवूनही तो खेळणारच; आधी ते तपासून घ्या. किटला पूर्ण १२ व्होल्ट लागतात की रेझिस्टरमधून चालतं, हे माहितीपत्रकात वाचून मगच वायर जोडा. जुने पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका, गाडीतच ठेवा.

प्रश्न: टायमिंग लावताना डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढायची का?

बहुतेक इंजिनांत काढतात आणि नळीचं तोंडही बंद करतात. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल, तर त्याचं ऐका. आणि पॉइंटची गॅप आधी लावा. ती नंतर बदललीत, तर टायमिंगही हलेल आणि तुमचं पत्र पुन्हा माझ्याकडे येईल.